एका दाबात दोन

७ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पिस्तूल आलं. फोनवरच सांगणार होते, पण इतकी वर्षं गोळ्यांच्या आवाजात उभा राहून तुझे कान असे झालेत की मी ‘आलं’ म्हटलं की तू ‘कोण आलं’ विचारतोस आणि मग मामी फोन ओढून घेते. त्यापेक्षा पत्र बरं. तुमच्या क्लबची पाच आणि माझं एक अशी सहाही पिस्तुलं दुकानदाराने एकदमच धाडली म्हणे, म्हणजे तुझंही पोचलं असणार.

आता कौतुक ऐक. मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि अंगठ्याखाली अशी खोबण कोरली आहे की हात आपोआप जागेवर जातो. क्लबच्या जुन्या पिस्तुलाशी माझं कायम भांडण, मनगट दुखायचं. याच्याशी पहिल्याच दिवशी गट्टी जमली. वजन पुढच्या बाजूला जास्त, त्यामुळे नळी डुलत नाही. ट्रिगर तर इतका हलका की नुसतं मनात आणलं तरी गोळी सुटावी. इथले सगळे एकेक करून हात लावून गेले. मी शेजारी उभी राहून ‘जपून, जपून’ म्हणत होते. नवीन बाळ झालेल्या घरातल्या आजीसारखी.

दुकानदाराने नव्या मालकांकडून चार ओळी अभिप्राय मागितलाय. मी भरभरून लिहिला. तूही लिही, ‘ठीक आहे’ एवढ्यावर भागवू नकोस.

बाकी काम चालू आहे. एक्स-रेच्या खोलीत दिवसभर लोकांना श्वास धरा, हलू नका असं सांगते आणि संध्याकाळी तेच स्वतःला सांगते. मार्चमध्ये तुमच्याकडची स्पर्धा. पहिल्या तिघांत आले तर संघात जागा मिळेल. रेंजचा अधिकारी म्हणून मागे तूच उभा असणार. भाची म्हणून सवलत नको, पण निदान डोळे वटारू नकोस.

लोभ आहेच. मामीचा तुझ्यापेक्षा थोडा जास्त आहे, तो तसाच राहू दे.

तुझी
खारूताई


१६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. कानांचा भाग दोनदा वाचला.

माझंही पिस्तूल आलं. दुकानांच्या पाट्या रंगवताना ब्रश चांगला असला की हातात ब्रश आहे हेच विसरायला होतं, तसं आहे हे. नळीवरची नेम धरायची माशी बारीक आणि काळीकुळकुळीत आहे, माझ्या या डोळ्यांनाही स्वच्छ दिसते. मूठ मात्र माझ्या पंजाला घट्ट व्हायची, म्हणून कानशीने थोडी घासून घेतली. मामीने कपाळावर हात मारून घेतला. एवढी हौसेने वस्तू आणायची आणि आल्या आल्या तिला कानस लावायची, हा कुठला संसार, असं तिचं म्हणणं.

चाप हलका आहे, हे खरं. फारच हलका. वय झालं की बोटाला समज कमी आणि घाई जास्त असते, तेव्हा मलाच सांभाळून राहायला हवं. तुझ्या पिस्तुलाची काही तक्रार नाही ना? सहज विचारतोय. असली तर मोकळेपणाने लिही.

दुकानदाराला मीही चार ओळी लिहिल्या, चांगल्याच लिहिल्या. आमच्या क्लबातल्या बेकरीवाल्याने पानभर लिहिलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ‘दोष शोधूनही सापडत नाही’ असं लिहिलं, तेव्हा आम्ही त्यांना हसलो. दातांत मात्र त्यांना लगेच सापडतो.

सराव कर, जेव वेळेवर. माया आहे, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा
मामा


२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चारच ओळी. तक्रार कसली? काहीही नाही. असली तर माझ्याच बोटाची असेल, आणि त्याचे कान मी उपटीन. सराव जोरात चालू आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. मामीला सांग, गाडीतून उतरेन तेव्हा मला भूक लागलेली असेल.

लोभ स्पर्धेपुरता बाजूला ठेव, नंतर व्याजासकट परत दे.

तुझी
खारूताई


१५ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तू जेवायलाही थांबली नाहीस. मी रेंज आवरून घरी आलो तर ताट तसंच झाकलेलं आणि मामी पाठ करून बसलेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पण नियम सगळ्यांना सारखा, हे तुला मीच शिकवलंय. भराभर पाच गोळ्या मारायच्या फेरीत तुझ्या तिसऱ्या दाबाला दोन गोळ्या सुटल्या आणि दुसरी गोळी छताच्या फळीत घुसली, हे सगळ्यांनी पाहिलं. ती फळी नसती तर गोळी कुठे गेली असती याचा विचार कर. अशा नेमबाजाला बाहेर काढावंच लागतं. समोर दुसरं कोणी असतं तरी मी तेच केलं असतं.

सगळ्यांदेखत मी म्हणालो की बोटावर ताबा नसेल तर असल्या पिस्तुलाला हात लावू नये. ते जरा लागलं असेल. डॉक्टरीणबाई पुढे येऊन म्हणाल्या की पिस्तूल एकदा तपासून बघावं. मी त्यांना सांगितलं की पिस्तुलात काही नाही, माझ्याकडे तेच आहे. त्यावर त्या मागे जाऊन बसल्या.

संघातली जागा गेली, याचं मलाही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी बघू.

तुझा
मामा


२२ मार्च

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. तुझं काहीच चुकलं नाही. न जेवता निघाले त्याबद्दल मामीची माफी माग माझ्या वतीने. स्टँडवर बसले होते तर समोरच्या प्रत्येक माणसाला सगळं ठाऊक आहे असं वाटत होतं.

मला लाज वाटते ती हरल्याची नाही. मी ज्याची भाची म्हणून तिथे ओळखली जाते, त्याला माझ्या हातातून पिस्तूल काढून घ्यावं लागलं, आणि तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतास, फळीकडे बघत होतास. ते डोळ्यांपुढून हलत नाही. परवा कामावर एका आजोबांना हलू नका म्हटलं आणि माझाच आवाज फुटला. त्यांनीच उलट मला पाणी विचारलं.

तेव्हा ठरवलंय, आता पुरे. बोटावर ताबा नसलेल्या माणसाने हे करू नये, हे तुझंच म्हणणं. इथल्या क्लबात नव्यानेच आलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला माझं पिस्तूल आवडलंय. ती अजून नेमबाजी शिकतेय, हात मात्र शांत आहे. महिनाअखेर कागदपत्रं झाली की तिला देऊन टाकते. चांगल्या हातात जाईल.

राग धरू नकोस. मीही फक्त माझ्यावरच धरलाय.

तुझी
भाची


३१ मार्च

चि. खारूताईस,

पत्र पोचेपर्यंत धीर धरवेना, म्हणून मामीला तुला फोन करायला लावला. पिस्तूल विकू नकोस आणि त्यात गोळी घालू नकोस, एवढाच निरोप द्यायला सांगितलं. तू कारण विचारलंस आणि तिने ‘तो स्वतः लिहील’ म्हटलं. तर आता लिहितो. आशीर्वाद मुद्दाम लिहिला नाही. आज तो द्यायची माझी लायकी नाही.

दोष पिस्तुलात आहे. तुझ्या बोटात नाही. आणि तुला बाहेर काढलं तेव्हाच मला ते कळलं होतं.

फेब्रुवारीत तुला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेंजवर एकटाच होतो. एकदाच चाप दाबला आणि दोन गोळ्या सुटल्या. दुसरी छताच्या फळीत गेली. पहिला विचार काय आला सांगू? कोणी पाहिलं का, हा. म्हातारा झाला, बोट थरथरतं, आता याला अधिकारी कशाला ठेवायचं असं लोक म्हणतील, ही भीती. शिडी लावली, भोकात लांबी भरली आणि फळीच्या रंगाशी रंग जुळवून वर हात मारला. रंग जुळवणं हाच माझा धंदा. जन्मभर इतका अचूक रंग मी क्वचितच जुळवला असेन. मग घरी येऊन दुकानदाराला अभिप्राय लिहिला.

तुला सहज विचारलं, ते सहज नव्हतं. तू ‘काही नाही’ लिहिलंस आणि मला खात्रीच पटली की चूक माझ्या बोटाची. पण तुझी गोळी त्याच फळीत, माझ्या भोकाच्या वीतभर अंतरावर घुसली, तेव्हा मला सगळं उमगलं. मी तुझ्याकडे बघत नव्हतो ते यासाठी. तेव्हाच हात वर करून स्पर्धा थांबवायची होती. त्याऐवजी मी तुला बोललो, आणि जरा जास्तच कडक बोललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

ती शिक्षिका तुझं पिस्तूल घेणार हे वाचलं आणि मला आणखी लपवता येईना. तिच्या हातात ते दोनदा उडालं असतं तर, आणि शेजारी कोणी उभं असतं तर. आतापर्यंत मी फक्त लाज झाकत होतो, यापुढे एखाद्याचा जीव गेला असता.

रविवारी क्लबात सगळे जमल्यावर मी शिडी आणली. वर चढून पात्याने रंग खरवडला आणि ते भोक दाखवलं. काय घडलं ते सांगितलं. भाचीला बाहेर काढलं तेव्हा मला हे माहीत होतं, हेही सांगितलं. शिडीवरून उतरायचं कसं तेच मला सुचेना.

मग बेकरीवाला उठला. त्याच्याकडून पिस्तूल आल्यावर पहिल्याच आठवड्यात तसंच झालं होतं. त्या दिवशी सर्दी होती, शिंक आली असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. त्यानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांच्याही हातून झालं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र चालवते, माझा हात हलतो असं बाहेर कळलं तर माझ्या खुर्चीत कोण बसेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. तुझं पिस्तूल तपासा असं सांगण्याइतकाच धीर त्यांना झाला होता, आणि तोही मी मोडला. सहा पिस्तुलांपैकी चार, खारूताई, आणि दुकानदाराकडे चारही जणांचं कौतुक पडलेलं.

सेक्रेटरींनी सगळी पिस्तुलं कुलपात घातली आणि कारखान्याला कळवलं. मी अधिकाराचा पट्टा टेबलावर ठेवला. तुझा निकाल बदला म्हणून हात जोडले, पण संघाची नावं पुढे गेली आहेत, आता काही होत नाही म्हणाले. म्हणजे मी कबूल केलं तरी तुझं गेलं ते गेलंच.

क्षमा मागतो. ती देणं न देणं तुझ्याकडे.

मामा


१२ एप्रिल

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्यात मी तुला इतकं काही बोलले होते की ते पाठवलं असतं तर मामी तुझ्या बाजूला गेली असती. दुसरं फार शहाणं झालं होतं, तेही फाडलं.

खरं लिहिते. दोष माझा नाही हे वाचून मी आधी रडले. मग तू कसा शिडीवर अडकून पडला असशील ते डोळ्यांपुढे आलं आणि मला बरं वाटलं. बराच वेळ बरं वाटत राहिलं. त्याची आता लाज वाटते.

पण त्याहून मोठी लाज वेगळीच आहे. तू फेब्रुवारीत विचारलंस, त्याच्या चारच दिवस आधी माझ्याही हातात ते दोनदा उडालं होतं. इथे छत उंच आहे, गोळी लक्ष्यामागच्या मातीच्या ढिगात गेली. शेजारच्याने वळून बघितलं, तर मी हसून लक्ष नाही असं दाखवलं. तुझं पत्र हातात घेऊन मी बसले होते. लिहावं असं वाटलं. पण तुझ्याकडून शिकलेल्या माणसाने तुलाच कसं सांगायचं? म्हणून ‘तक्रार कसली’ असं ऐटीत लिहून टाकलं. मी एक ओळ खरी लिहिली असती तर तुझ्या पोटातलंही बाहेर आलं असतं, आणि स्पर्धेच्या आधीच पिस्तुलं कुलपात गेली असती. शिक्षिकेलाही मी तेच न सांगता पिस्तूल द्यायला निघाले होते. ती कागदपत्रं घेऊन आली तेव्हा तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने कागद पिशवीत परत ठेवले आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही. ते बरोबरच होतं.

कारखान्याचा माणूस इथेही येऊन गेला. ट्रिगरमागचा नखाएवढा खटका केसभर आखूड कापला गेला होता, त्यामुळे पहिल्या गोळीचा धक्का बसला की तो पुन्हा सुटायचा. सगळी पिस्तुलं परत घेऊन बदलून देताहेत. हवं त्याने नवं घ्यावं, नको त्याने सोडून द्यावं असं म्हणाला. घेणार का, असं त्याने विचारलं तेव्हा विचार करून कळवते म्हणाले.

माझा राग अजून गेलेला नाही. जेवताना जातो, झोपताना परत येतो. सगळ्यांदेखत तू जे बोललास ते मी विसरेन असं खोटं लिहीत नाही, खोटं लिहून झालं आपलं. पण तुझ्याशिवाय मला हे कोणाशी बोलता येत नाही, म्हणून पुढच्या शनिवारी येते. या वेळी जेवणार आहे.

तू पिस्तूल परत घेणार असशील तर मीही घेईन. पहिली गोळी दोघांनी शेजारी उभं राहून मारू, आणि मागे डॉक्टरीणबाईंना उभं करू. काही वावगं दिसलं तर त्यांनी लगेच थांबवायचं, माझ्यासाठीही आणि तुझ्यासाठीही.

लोभ कमी झालेला नाही, जरा दुखतोय एवढंच. तुझ्याकडचा पाठव.

तुझी
खारूताई