शिलाई मशीन, बुद्धिबळाचा पट आणि भावजींची मात

मी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. सुईत दोरा मी अजून पहिल्या झटक्यात ओवते; डॉक्टरांनी स्वतः पाहिले आहे.

१. राहते घर मुलगा व सून यांना निम्मे-निम्मे. सुनेचे नाव कागदावर हवेच. गळक्या नळाखाली बादली तीच ठेवते. मुलगा नुसता "बघू" म्हणतो.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कोणी कागद कापल्यास मी असेन तिथे मला कळेल.

३. बुद्धिबळाचा पट आणि थोर खेळाडूंच्या डावांचे पुस्तक. हे कलम लांबणार आहे.

आमचे हे गेल्यावर धाकटे दीर, निवृत्त कंपाउंडर, रोज संध्याकाळी पाचला माझ्याशी खेळायला येऊ लागले. भावजींचा खेळ म्हणजे राजाला कोपऱ्यात पांघरूण घालून निजवायचे आणि समोरचा चुकेपर्यंत चहा प्यायचा. मी नऊ वर्षे हरले. मग रद्दीवाल्याकडून हे पुस्तक आणले. पुढची चाल चिंधीखाली झाकायची, आपण ओळखायची, मग चिंधी उचलायची. थोरांनी घोडे-उंट बिनधास्त बळी दिलेले पाहून मीही देत सुटले. भावजी दारातूनच विचारत, "वहिनी, आज काय फुकट?"

दोन वर्षांनी डोक्यात उजेड पडला. ती माणसे काही देण्याआधी बाकीची फौज शत्रूच्या दाराशी आणून उभी करत. मी एकट्या उंटाला पाठवत होते.

मग एका मंगळवारी मी सगळे मोहरे नीट आणून ठेवले आणि वजीर देऊन टाकला.

"वहिनी, चष्मा कुठाय तुमचा?"

"नाकावर. घ्या."

त्यांनी घेतला. चौथ्या चालीला मात. "मला सकाळपासून कणकण होती," असे म्हणून भावजींनी चपला घातल्या, ते आठ महिने फिरकले नाहीत. जिंकल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. नंतर दोन कपांचा चहा टाकायची आणि एक ओतून द्यायची.

सबब पट व पुस्तक सुनेला. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला भावजीच हवे होते.

४. आज "मृत्युपत्रावर सही हवी" एवढाच निरोप धाडला. भावजी धापा टाकत आले. "वहिनी, काय झालं तुम्हाला?"

"काही नाही. बसा, वाचा, सही करा."

मी हे दुसरे पान लिहीत असताना ते पहिले वाचत आहेत. कलम तीनवर बराच वेळ अडकले आहेत. कान लाल झाले आहेत, पण उठलेले नाहीत.

स्थळ: राहते घर, शिवणकामाची खोली
दिनांक: नऊ जून
लिहून देणारीची सही

साक्षीदार
१. घरचे डॉक्टर. बाई ठणठणीत आहेत.
२. धाकटे दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. कलम तीन खरे आहे. आता पट मांडा, पांढरे मोहरे माझे.