तुतीखालचा बाक

३ जून

प्रिय धाकटोबा,

तुझं पत्र आणि तू पाठवलेला लाकूडतोड्या एकाच दिवशी पोचले. पत्र ठेवून घेतलं. लाकूडतोड्याला चहा पाजला आणि करवतीसकट परत पाठवला. पुन्हा मला न विचारता माणूस धाडलास तर तुझी धडगत नाही, सांगून ठेवते. बाकी घरी सगळे बरे ना? तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? माझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं.

तुती घाण करते, हे मान्य. पिकली की अंगण जांभळं होतं, वाळत घातलेल्या चादरींवर पक्षी आपला कारभार उरकतात, पन्हळ पानांनी तुंबते. म्हणून तोडायची? लहानपणी तूही काही कमी घाण करत नव्हतास. ठेवलाच ना तुला!

उलट मी तिच्याखाली बसायची जागा केलीये. खोडाभोवती गोल बाक आणि खाली खडी, म्हणजे पाय सटकत नाही. माप मीच घेतलं, माझ्या शिवणकामाच्या टेपने. इतकं चपखल फिटिंग मी आयुष्यात कुणाच्या कोटाला दिलं नव्हतं. सुतार पोट धरून हसला. म्हणाला, "अहो ताई, झाड अजून वाढतंय. दोन वर्षांत बाकाच्या चिंधड्या करील!" ओशाळले रे मी. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, पोरं वाढतात म्हणून प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड सोडलं. आणि ही म्हातारी झाली, आता कसली वाढतेय, असं मीच धरून चालले. तू माझ्याबद्दल धरून चालतोस, अगदी तसंच. सगळा बाक उसवला आणि वीतभर जागा सोडून पुन्हा जोडायला लावला.

आता खरं सांगते. मनगट न्हाणीघरात मोडलं असं फोनवर सांगितलं, ते खोटं. तुतीखालीच पडले, तिच्याच फळांवरून घसरून. तासभर तिथेच बसून होते, धरून उठायला काही सापडेना. भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती, तरी हाक मारली नाही. मला उठता येत नाही हे तिच्याकडून तुला कळलं असतं तर संध्याकाळी तू गाडी घेऊन दारात, आणि मी जन्मभर तुमच्या मागच्या खोलीत. भीती वाटली रे. पडण्याची नाही, त्या खोलीची.

घे, मिळालं तुला आयतं कोलीत. खुशाल चिड. मी येणार नाही आणि तुतीही तुटणार नाही.

काल शेजारणीला भिंतीपाशी उभं केलं, मुद्दाम खाली खडीत बसले आणि बाकाची कड धरून उठायला लागले. ती हात पुढे करायला लागली, तिला दटावलं. तिसऱ्या खेपेला जमलं, पण जमलं.

ये एकदा. गडद कपडे घालून ये, डाग जात नाहीत. मला न्यायला येणार असशील तर गाडी गल्लीच्या तोंडावरूनच वळव. बसायला येणार असशील तर बाकावर तुझी जागा झाडून ठेवते.

आपली आपण उठलेली,
तुझी ताई