मागे उभं राहायला कोणीतरी हवं

'तुम्ही आता काही करू नका, नुसते बसून राहा' असं ज्यांना दिवसातून चारदा प्रेमाने ऐकवलं जातं, त्या तमाम ज्येष्ठ बंधुभगिनींनो! (म्हणजे अक्का, तूच. आज सभेला दुसरं कोणी नाही.)

तीर्थरूप अक्का, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार, दुखऱ्याला आधी. सूनबाई अजून तुझ्या हातातून सुरी काढून घेते का? भाजी तरी चिरू देते की तेवढंही नाही? माझी प्रकृती ठणठणीत आहे. खोकला आहे, पण ऐकायला कोणी नसल्यामुळे त्याचाही उत्साह कमी झालाय.

तुला सून बसवते, मला कामगार संघटनेने बसवलं. चाळीस वर्षं ज्या व्यासपीठावर मी गर्जना केल्या, त्याच व्यासपीठावर गेल्या वर्षी मला हार घालून, खुर्ची देऊन सांगण्यात आलं, की साहेब, तुम्ही फक्त बसा, बोलतील दुसरे. दुसरे बोलले. कागद बघून बोलले. मी त्या खुर्चीत दोन तास बसलो आणि तिथेच ठरवलं, की यापुढे बसायचं तर चाकांवर. आठवड्याभरात मोटारीमागे ओढायचं ते ट्रेलरचं घर घेतलं. तू फोनवर म्हणालीस, 'गोगलगाईला विचार, तिला काय सुख आहे ते.' मी रागाने फोन ठेवला. ते वाक्य सात महिने माझ्याबरोबर प्रवास करतंय.

आता अनुभवाचे बोल ऐक. पहिल्याच मुक्कामाला सकाळी जाग आली तेव्हा माझं डोकं पायांच्या खाली होतं आणि ओट्यावरची चार अंडी घरंगळत दाराशी जमा झाली होती. ज्याने आयुष्यभर समतेवर भाषणं ठोकली, त्याला आपलं घर उताराला लागलंय हे कळू नये! त्यानंतर गवंडी वापरतात तसली एक पाणसळ आणून दाराच्या चौकटीला चिकटवली, आणि चाकांखाली घालायला लाकडाच्या जाड फळ्या कापून घेतल्या. आता बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय मी चहा ठेवत नाही. (माणसांच्या सभेतही अशी एक पाणसळ टांगायला हवी होती. पुष्कळ वर्षं वाचली असती.)

दुसरा धडा पुस्तकांनी दिला. माझी सगळी पुस्तकं, तीनशे बारा, मी मोठ्या कौतुकाने मागच्या कपाटात लावली. हमरस्त्यावर जरा वेग घेतला, तर घर मागे शेपटी हलवायला लागलं; डावीकडे, उजवीकडे, आणि त्याबरोबर मोटारही. एका ट्रकवाल्याने ओलांडून पुढे येऊन मला थांबवलं आणि विचारलं, 'काका, मागे काय भरलंय?' मी म्हटलं, 'इतिहास आणि अर्थशास्त्र.' तो म्हणाला, 'मग ते पुढे घ्या. ओझं मागे ठेवलं की गाडी ऐकत नाही.' इतक्या थोड्या शब्दांत एवढं मी कधी बोललेलो नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही दोघांनी सगळी पुस्तकं पुढच्या कपाटात हलवली. त्याने एकही उघडून पाहिलं नाही, पण एकही टाकलं नाही. मी त्याला चहासाठी थांब म्हटलं. त्याला उशीर होत होता. हल्ली सगळ्यांनाच उशीर होत असतो, माझ्याशिवाय.

बाकी सुधारणा थोडक्यात सांगतो (हसू नकोस). कपाटांना मुलांच्या पाळण्याला लावतात तशा घट्ट कड्या लावल्या, कारण एका वळणावर साखर आणि साबणाचा चुरा एकजीव झाला होता. नळाच्या पाण्याला गाळणी बसवली. जेवणाच्या टेबलाला समोरासमोर दोन बाकं होती, त्यातलं एक काढून पाण्याचे डबे ठेवले. समोर रिकामं बाक बघत जेवण्यापेक्षा डबे बरे, त्यांच्यात निदान काहीतरी असतं. दाराशी पायरीला लागून धरायला एक लोखंडी दांडी बसवली. ती माझ्या हाताला जरा खालीच पडते, पण असू दे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला साधलेली नाही. ट्रेलर मागे घेणं. अक्का, हे जनावर उलटं आहे. शेपूट उजवीकडे न्यायचं तर चाक डावीकडे वळवावं लागतं. 'एक पाऊलही मागे घेणार नाही' ही माझी घोषणा गावोगावच्या भिंतींवर चुन्याने रंगलेली होती. आता वाटतं, तेव्हाच थोडा सराव ठेवायला हवा होता. सात महिने मी फक्त अशाच जागी उतरतो, जिथून सरळ पुढे बाहेर पडता येतं. किती सुंदर जागा मी नुसत्या काचेतून बघून सोडून दिल्या! मागे कॅमेराही लावून घेतला. तो सगळं दाखवतो. झाड दाखवतो, खांब दाखवतो, खांबाला आपण धडकतोय तेही दाखवतो. थांब मात्र म्हणत नाही.

आणि आता मी नदीकाठच्या एका मुक्कामाच्या तळावर अडकून पडलोय. पाणी दिसलं, मोह झाला, थेट शेवटच्या जागेत तोंड घातलं. पुढे नदी, दोन्ही बाजूंना झाडं. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गेली, कारण हंगाम संपला. तळाचा राखणदार (मी त्याला चालेलराव म्हणतो) भला माणूस आहे, तो मागे उभा राहिला. मी गाडी मागे घेतली. तो म्हणाला, चालेल. आणखी घेतली. चालेल. मग जो आवाज झाला तो सार्वजनिक नळाचा होता. मी उतरून पाहिलं, तर फवाऱ्यात चिंब भिजलेले चालेलराव शांतपणे म्हणाले, 'नळ तसाही काढायचाच होता.' दरडावून 'थांब' म्हणणं त्याच्या स्वभावातच नाही. पुढच्या रविवारी फाटकाला कुलूप लागतंय.

तेव्हा मला शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. तू सभागृहात शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभी असायचीस. आपलं ठरलेलं होतं: पुरे झालं की तू हात वर करायचास आणि मी जिथे असेन तिथे वाक्य संपवायचं. पाच वर्षं पहिलं बक्षीस कोणाला हलवू दिलं नाही आपण. तुझं लग्न झालं त्या वर्षी पाच मिनिटांच्या भाषणाला मी पंचवीस मिनिटं बोललो. शेवटी शिपायाने दंडाला धरून मला खाली उतरवलं. लोक समजले, मला जोर चढलाय. मी शेवटच्या रांगेत हात शोधत होतो. त्यानंतरची चाळीस वर्षंही, खरं सांगायचं तर, तसाच बोलत होतो.

असो. सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
(एके काळचा मुलुखमैदान)

ता. क. काम असं काही नाही. पण पुढच्या गुरुवारी तुला सवड असली, तर सकाळची एसटी तळाच्या फाट्यावर थांबते.

ता. क. २. दाराशी लावलेली दांडी तुझ्या उंचीची आहे. माप दिवाळखोरीत निघालेल्या आठवणीवरून घेतलं. चुकलं असेल तर येऊन सांग. पाण्याचे डबे बाहेर काढले. दुसरं बाक परत बसवलंय.

ता. क. ३. तुझ्यापासून कधी काही लपवता आलं नाही, म्हणून लिहितो. काल चालेलरावांची बायको आली. तिने आयुष्यभर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून चारा वाहिलाय. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि तीन मिनिटांत ट्रेलर बाहेर काढून रस्त्याला लावून दिला. मी दोघांचे आभार मानले, फाट्यापर्यंत गेलो. तिथे रस्ता दोन्हीकडे जातो. डावीकडे जाऊ की उजवीकडे, असं मी मोठ्याने विचारलं. मोटारीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग वळसा घालून परत आलो आणि ट्रेलर होता त्याच जागी, नदीकडे तोंड करून, पुन्हा आत घातला. पुढे जायला मला कोणी लागत नाही, अक्का.

तेव्हा आता बसू नकोस. गुरुवारी सकाळच्या एसटीने ये, ट्रेलरच्या मागे उभी राहा, आणि पुरे झालं की हात वर कर.