राईतली रोपं

५ ऑगस्ट ७२
पाऊस नाहीच. गेल्या वर्षीच्या वादळात देवीच्या राईतली मोठी झाडं आडवी झाली. देवीचं लाकूड, कुणी काडी उचलली नाही. आज पूजा झाल्यावर वाकून बघितलं, तर पडलेल्या खोडांच्या आडोशाला हिरड्याची, जांभळीची रोपं! वीतभर. लई हरखलो. सकूला सांगितलं तर म्हणाली, "सवसाराकडं बघा जरा. रोपं काय भाकर देत्यात?" बायको अशी. असो.

१८ ऑगस्ट
श्रावणी शुक्रवार. बायांना ओटी भरायला जाता यावं म्हणून पाटलानं पडलेल्या फांद्या बाजूला करवून देवीपर्यंत वाट केली. भक्तीचं काम, मी भगत असून काय बोलणार? मान डोलावली.

२४ ऑगस्ट
त्याच वाटेनं शेळ्या शिरल्या. कडेची रोपं फस्त. डोकंच फिरलं. बोराटीच्या काट्या टाकून वाट बुजवली. हात सोलवटले. सकूनं हळद लावली.

१७ सप्टें.
माळावर गवताची काडी नाही. आमची गाय आज उठलीच नाही, शेपटी धरून उठवली. दुपारी पाटील दारात.
"भगत, राईत पाला हाय. गुरं सोडू द्या."
"आईला इचारल्याबिगर न्हाई."
"मंग लावा कौल."
उद्या लावायचा. देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नाही. गुरं आत गेली की रोपं संपली.
सकू जेवताना म्हणाली, "कोनतं फूल चांगलं चिकटवायचं, ते तुमच्याच हातात हाय." तिच्यावर ओरडलो. ताट तसंच सारलं. गाय गोठ्यात कण्हत होती, आणि सकू म्हणाली ते माझ्याही मनात येऊन गेलेलं...

१८ सप्टें.
देवीपुढंच बसून लिहितोय. सगळा गाव जमलाय. गुरं राईबाहेर उभी, बरगड्या दिसतात.
सकाळी फुलं हातात घेतली. माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटेना. फुलं पाटलापुढं धरली.
"तुमी लावा."
"म्या?"
"व्हय. तुमीच."
घाम फुटला त्याला. "आये, कोपू नगं," म्हणत कशीबशी लावली.
ऊन डोक्यावर आलंय. होकाराचं उजवं, नकाराचं डावं, दोन्ही फुलं अजून चिकटलेलीच. कुणी जागचं हलत नाही. पाटील शेजारी डोळे मिटून पुटपुटतोय. त्याचे बैल समोर उभे. कान देऊन ऐकलं.
"आये, डावं पाड. डावं पाड गं."
आणि मी, राईचा भगत, केव्हाचा उजव्या फुलाकडं बघत बसलोय.