आई नऊ वेळा उजळली त्याची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (जिना चढणं सोड म्हटलं होतं, सोडलं नसशीलच.) माझ्याकडे बाबा ठणठणीत, देवाची कृपा. माझं मात्र विचारू नकोस. हातून फार वाईट घडलं आहे.

रविवारी बाबांना ऐंशीवं लागतं. आई गेल्यावर तिची एकच चालतीबोलती क्लिप उरली, खिडकीपाशी उभी राहून हसते ती. ती बाबांना मोठ्या पडद्यावर दाखवायची मी ठरवलं. त्यासाठी व्हिडिओवाला कशाला, मॅट्रिकला गणितात पहिली आलेली मी, म्हणून कॉम्प्युटरपुढे स्वतःच बसले. उजेड मागून असल्यामुळे आईचा चेहरा काळवंडलेला दिसतो. यादीतून ‘उजळपणा’ नावाचा इफेक्ट उचलला, क्लिपवर सोडला. चित्र ढिम्म. लागला की नाही कळेना, म्हणून देवाचं नाव घेऊन पुन्हा सोडला. (भाजीत मीठ घातलं की नाही आठवलं नाही तर चाखता येतं, ह्या यंत्राला चाखायचं कुठून?) असं नऊ वेळा. आमचा कॉम्प्युटर वयानं बाबांच्या खालोखाल. त्याला दहा मिनिटांनी जाग आली आणि सगळं पांढरंफटक! आई नाही, खिडकी नाही, चुना फासलेली भिंत नुसती. हे डोकावून म्हणाले, "सासूबाईंना कुठल्या साबणानं धुतलंस?" मग माझे डोळे बघून स्वतःच चहा टाकायला गेले. बाबा रोज विचारतात, "झाली का गं तिची तयारी?" काय सांगू? फोनमधली मूळ क्लिप जागा अडवते म्हणून मी आधीच पुसली होती. काटकसर कुठे करू नये, एवढी अक्कल द्यायला देव विसरला.

थोरांना नमस्कार सांग, लहानांना हा पराक्रम सांगू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. तुझ्या जुन्या फोनात ती क्लिप असेल. चार्जर सापडत नसेल तर नुसता फोन घेऊन ये, पण ये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी टेबल पुसत होते. फडकं माउसवर दाबलं गेलं, क्लिप निवडली गेली आणि बाजूला तिला लावलेल्या इफेक्टांची यादी उघडली. उजळपणा, उजळपणा, उजळपणा... एकाखाली एक नऊ, प्रत्येकापुढे बंद करायची खूण! एकेक बंद करत गेले, तशी आई परत येत गेली. शेवटचा एक राहू द्यावा म्हणत होते, तर मागून बाबा म्हणाले, "तोही काढ. खिडकीत उभी राहिली की तिचा चेहरा सावलीतच असायचा."

तेव्हा फोन राहू दे. (कागद वाया जाऊ नये म्हणून पत्र तसंच पाठवते.) तू मात्र ये.