वाटोळ्याचं गाणं

४ एप्रिल

चि. भोंग्यास,
ताईचा प्रभूच्या प्रेमात सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आठवड्याने येतं, पण तुझं गाणं रोज कानावर पडतं. बसमध्ये तेच, भाजीच्या दुकानात तेच. परवा एका लग्नात नवरानवरी 'वाटोळं होवो तुझं, सूर हरवो तुझा' यावर गळ्यात गळे घालून नाचली. शब्दांकडे कोणाचं लक्ष असतं! आमच्या चर्चमधल्या गायनवर्गातली पोरं सरावाच्या आधी तेच गुणगुणतात आणि मी आले की लगेच भक्तिगीताकडे वळतात. आई वरवर नाक मुरडते आणि शेजारणींना मात्र 'आमची धाकटी' म्हणून ऐकवते.

आता खरी बातमी. मंगळवारी लंबू दवाखान्यात आला होता. हो, तोच. साखरपुडा मोडून गेला आणि जाताना तुम्ही दोघांनी तुमच्याच लग्नासाठी बांधलेली चाल एका दुसऱ्या गायिकेला स्वतःच्या नावावर देऊन गेला, तोच. गाल एवढा सुजला होता की आधी ओळखलंच नाही. तो खुर्चीत बसला, त्याने तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच बाहेर माझ्या मदतनिसाच्या फोनवर तुझं गाणं लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाढेमुळे होतं की गाण्यामुळे, विचारलं नाही.

ड्रिल माझ्या हातात होतं. मनात काय काय येऊन गेलं ते प्रभूलाच माहीत. गावभर दातांचे दवाखाने असताना माझ्याकडेच का, एवढं मात्र विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही मुद्दाम दुखवणार नाही, एवढी खात्री फक्त तुमचीच होती." भूल नीट चढेपर्यंत थांबले आणि दाढ काढली.

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, म्हणून लिहिलं. रागावलीस तरी जेवत जा.

माया आहेच, ती वाढव.
तुझी ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

आधी सांग, चांगला दात चुकून उपटलास की नाही? नसशील तर आपलं नातं संपलं, असं लिहून मी खोडलं आहे. खोडलेलं तुला दिसावं म्हणून हलक्या हाताने खोडलं आहे.

खरंच राग आला, ताई. तू माझी बहीण, आणि त्याची हनुवटी जपून धरलीस! दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. आमची ढोलकीवाली म्हणाली की आज तालीम छान होणार, कारण मी चिडलेली आहे.

तिथेच तर घोडं अडलं आहे. माझी गाणी काढणाऱ्या कंपनीला आता अख्खा संच अशाच गाण्यांचा हवा आहे. सगळी दग्याची, सगळी सुडाची. तिथले साहेब म्हणतात की लोकांना माझा राग आवडतो, तो थंड होऊ देऊ नका. आणि तो थंड होतोय गं. परवा कार्यक्रमाआधी आम्ही कशावरून तरी पोट धरून हसत होतो. तेवढ्यात हाक आली. मला आरशासमोर उभं राहून कपाटातला तो न घातलेला लग्नाचा झगा आठवावा लागला. चूल फुंकावी तसा राग फुंकत बसते. डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

पण कार्यक्रमानंतर बायका येऊन हात धरतात आणि म्हणतात की आमच्या मनातलं बोललात. ते काय खोटं आहे? चर्चमध्ये तुम्ही माफ करा म्हणता आणि मोकळे होता. फसवलेल्या माणसाने ओरडायचंही नाही का?

उत्तर लवकर धाड. तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
भोंगा

१९ एप्रिल

चि. भोंग्यास,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

दात बरोबर तोच काढला. माफ कर.

ओरडायचं का, तर जरूर ओरडायचं. आपले जुने स्तोत्रकार कमी ओरडलेत का? शत्रूचे दात मोड, असंही त्यांनी देवाला सांगितलं आहे. माझ्या धंद्याला बरंच ते! पण त्यांनी ते देवाच्या कानावर घातलं, स्वतः पक्कड हातात घेतली नाही. तू तेच दुखणं रोज संध्याकाळी देवाकडून परत मागून आणतेस, एवढंच मला खुपतं.

माफ करायचं म्हणजे काही झालंच नाही असं म्हणायचं, असं मला वाटत नाही. कीड तशीच ठेवून वरून दात भरला तर आत सडतो. लंबूने केली ती चोरी होती आणि दगाही होता. त्याला तोंडावर सांग. पण प्रभूचंही बघ. प्रभूला धरून नेलं त्या रात्री ज्याने ओळख नाकारली, त्याच मित्रासाठी त्याने किनाऱ्यावर निखारे पेटवून न्याहारी तयार ठेवली. प्रश्न विचारले, अवघड विचारले, पण आधी पोटभर खाऊ घातलं. मला ती न्याहारी फार आवडते.

लग्न कर असं मुळीच म्हणत नाही. त्याला जावई करायची आईची हौस केव्हाच फिटली.

उपदेश संपला. काळजी वाटते म्हणून लिहिलं. लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई

९ मे

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

लंबूकडे जाऊन आले. तो आता वाद्यांच्या दुकानात गिटारी दुरुस्त करतो. पाठ करून नेलेलं सगळं भाषण दारातच विसरले. मग सुचेल तसं बोलले. झगा, आईने घरोघरी जाऊन लग्न मोडल्याचं सांगणं, आमची चाल रेडिओवर दुसरीच्या आवाजात ऐकणं, सगळं बोलले. त्याने एकही सबब सांगितली नाही. शेवटी मी म्हणाले, "मी तुला माफ केलंय. पुन्हा तुझ्याबरोबर गाणार नाही, पण माफ केलंय." तो खाली मान घालून रडला. बाहेर आले तर इतकी कडकडून भूक लागली होती की कोपऱ्यावर उभ्या उभ्या दोन ऑम्लेट-पाव खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीत जाऊन चाल आम्हा दोघांची असल्याचं सांगितलं. मी मागितलं नव्हतं.

शनिवारी कार्यक्रम होता. लोकांनी वाटोळ्याचा धोशा लावला. मी सांगून टाकलं की ज्याच्यावर ते गाणं होतं त्याला माफ केलंय, आता ते मला म्हणता येत नाही. साहेबांनी कपाळावर हात मारला. कोणीतरी शिट्टी मारली. मग ढोलकीवालीने आपली जुनी नाचाची चाल धरली आणि हळूहळू सगळे उठून नाचायला लागले. ताई, मी इतकी हसत कधी गायले नव्हते.

आवराआवर चालली असताना नर्सच्या कपड्यातल्या एक बाई आत आल्या. सख्ख्या भावाने फसवल्यापासून त्या कामावर जाताना रोज माझं गाणं म्हणायच्या. मला म्हणाल्या, "शिव्या देणारं गाणं तुम्ही शिकवलंत. आता माफ करणारं कोण शिकवणार?"

मी म्हटलं की ते अजून मलाच नीट येत नाही.

"मग बसू की दोघी," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि ढोलकीच्या पेटीवर ऐसपैस बसल्या.

प्रार्थनेत आम्हा दोघींची आठवण ठेव, आणि माया आटू देऊ नकोस.
तुझीच,
भोंगा