जपानी कडधान्याचे तीन महिने

१२ मार्च २००६, रविवार. कार्डिफ.
परवा इथल्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, शुगर बॉर्डरवर आहे. तीन महिन्यांत खाली आली नाही तर गोळ्या. शेहेचाळिसाव्या वर्षी नुसतं बॉर्डरवर म्हणजे खरं तर कौतुकच करायला हवं, पण मृणालला कोण सांगणार? तिने माझ्याच हाताने यादी लिहून घेतली. साखर, पेढे, श्रीखंड, गुलाबजाम, केक, बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम बंद. खाली सही. यादी फ्रिजवर. बायको नव्हे, ऑडिटर.
वर तिनेच पुण्याला माझ्या आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. आई लगेच देवापुढे बोलून मोकळी. पुरुषोत्तमची साखर नॉर्मल येईपर्यंत मी गोड खाणार नाही म्हणे. चहासुद्धा बिनसाखरेचा! सत्त्याहत्तर वर्षांची बाई. तिला चहात चमचा उभा राहील एवढी साखर लागते. फार वाईट वाटलं. आता आईसाठी तरी शुगर खाली आणणारच. तीन महिने काय, असे जातील.

१६ मार्च, गुरुवार
चार दिवस शब्द पाळला. अंगात त्राण नाही. मीटिंगमध्ये डुलकी लागली.

२२ मार्च, बुधवार
ऑफिसातला शार्दूल सहा महिने योकोहामाला ऑनसाइट होता, तो परत आला. सगळ्यांच्या डेस्कवर जपानी खाऊ ठेवत फिरत होता. मी नाहीच म्हणणार होतो. पण यादी डोळ्यांसमोर आणली, वरपासून खालपर्यंत. जपानी काहीही नाही त्यात.
एक हिरव्या चहाची गोळी खाल्ली. ग्रीन टी म्हणजे औषधच. पाकीट नीट वाचलं, मी लेबल वाचल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. साखर असं कुठेही लिहिलेलं दिसलं नाही. सगळं जपानीत होतं.

२३ मार्च
शार्दूलकडे अजून होतं. एका वडीचा आतला पातळ कागद नखाने दहा मिनिटं सोलत बसलो. शार्दूल म्हणाला, काका, तो कागद खायचा असतो. मी म्हटलं, माहितीये. (काका? माझ्याहून फार तर बारा वर्षांनी लहान असेल.)

८ एप्रिल, शनिवार
ब्रिस्टलला क्लायंटकडे अर्जंट काम निघालं, असं घरी सांगितलं. तिथे एक जपानी दुकान आहे. अहाहा! काटेरी रंगीत दाणे, थेट संक्रांतीचा हलवा. डोळे भरून आले. उकडीच्या मोदकाच्या पारीसारखा मऊ तांदळाचा गोळा, मोची म्हणतात. आणि दोन छोट्या पॅनकेकमध्ये चक्क पुरण! दुकानातल्या मुलीला विचारलं, आत काय आहे. ती म्हणाली, बीन्स. बीन्स म्हणजे चवळीची बहीण. म्हणजे कडधान्य! प्रोटीन! आणि मी आपला एवढे दिवस सॅलड चघळतोय.
सहा घेतले. परतीच्या ट्रेनमध्ये दोन उरले. ते कारच्या डिकीत ठेवले, स्पेअर व्हीलखाली.

९ एप्रिल, रविवार
आईला फोन. अभिमानाने सांगितलं, हल्ली रोज कडधान्य खातो. आईला इतका आनंद झाला! म्हणाली, मोड आणून खात जा. तिचा बिनसाखरेचा चहा कसा लागतो विचारलं. म्हणाली, काढ्यासारखा, पण तुझ्यासाठी पिते. फोन ठेवल्यावर पाय आपोआप डिकीकडे वळले. अशक्तपणा असणार. डिकीतलं एक खाल्लं.

२५ एप्रिल, मंगळवार
ठरलं. दिवसाला एकच. लिहून ठेवतो म्हणजे पाळलं जाईल.

२६ एप्रिल
एकच म्हणजे एक पाकीट. कालचं वाक्य मोघम होतं.

१४ मे, रविवार
थकलोय. प्रोजेक्ट बोंबललंय, इथला पाऊस थांबत नाही, गुडघे दुखतात. आज निधीने पंक्चरचं सामान बघायला डिकी उघडली. दहा वर्षांच्या मुलीला पंक्चरचं काय पडलंय? तिला कडधान्याचं सगळं समजावलं आणि एक मोची दिली. ती चघळत म्हणाली, बाबा, हा तर स्वीट आहे. मग माझ्याकडे बघून, बाबाची पोट मोठी झाली. मराठी सुधारायला हवं हिचं. तुझ्या आईला सांगू नकोस म्हटलं. तिने दुसरी मोची मागितली.

११ जून, रविवार
उद्या ब्लड टेस्ट. परवापासून सगळं बंद केलंय. दोन दिवसांत शरीर रिकव्हर होतं. आईचा सकाळीच फोन, काळजी करू नकोस, तू एवढं पथ्य केलंयस. मृणालने फोनवर हो हो म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ जून, गुरुवार
हाफ डे घेतला. साडेदहाला नर्स. शुगर खाली नाही, चांगलीच वर. बॉर्डर मागे राहिली. आजपासून गोळ्या. मी म्हटलं, शक्यच नाही, मी कडधान्यावर आहे, आणि पुरावा म्हणून बॅगेतलं पाकीट काढून दाखवलं. तिने ते उलटं केलं. मागे इंग्लिश स्टिकर. पहिलाच शब्द शुगर. तिने तो मोठ्याने वाचला. प्रत्येक पाकिटावर असतं म्हणे, इथे विकायचं तर लावावंच लागतं.
बसमध्ये ठरवलं, आईला नॉर्मल सांगायचं. म्हाताऱ्या जिवाचे हाल कशाला?
पावणेबाराला फोन लावला. तिकडे चहाची वेळ. पहिल्याच रिंगला उचलला, फोनपाशीच बसली होती. मी म्हटलं, नॉर्मल. आई रडायला लागली. शेजारची नंदा आली होती, तिला म्हणाली, माझ्या चहात साखर घाल गं, तीन चमचे घाल, पोरगा बरा झाला. मला चमचा ढवळल्याचा आवाज येत होता.
मी म्हटलं, आई, थांब. पिऊ नकोस.
सगळं सांगितलं. मोची, पुरण, डिकी, स्टिकर. मध्ये एकदाही ओरडली नाही. कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. नंदाला म्हणाली, हा तू घे. मग मला म्हणाली, बरं झालं वेळेवर सांगितलंस. गोळ्या घे वेळच्या वेळी. पुन्हा तीन महिने, त्यात काय एवढं. मला आता सवय झालीय.
पुढची टेस्ट अकरा सप्टेंबरला. गणपती सत्तावीस ऑगस्टला आहेत. कॅलेंडर दोनदा बघितलं.